काचेवरचा निळा कागद

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं बंद पडलेलं दुकान पुन्हा उघडणार, हे मला एका कागदावरून कळलं. काचेला आतून चिकटवलेला, ए-फोर आकाराचा, फिका निळा. अर्जदाराचं नाव, दारूविक्रीची वेळ सकाळी ७ ते रात्री १, आणि हरकत घ्यायची शेवटची तारीख. इंग्लंडमध्ये येऊन चार वर्षं झाली होती, पण असा कागद थांबून वाचायची ही पहिलीच खेप.

इथे दारूचा परवाना कौन्सिल देते, म्हणजे आपली नगरपालिकाच म्हणा. पूर्वी हे काम मॅजिस्ट्रेटांकडे होतं; २००३ चा लायसन्सिंग अ‍ॅक्ट नोव्हेंबर २००५ मध्ये लागू झाला आणि ते कौन्सिलकडे आलं. अर्जानंतर २८ दिवस कुणीही हरकत घेऊ शकतं. कुणीच घेतली नाही, तर परवाना द्यावाच लागतो. फाइल दाबून बसायची सोय नाही.

मी दीड पानी हरकत ठोकून दिली. शाळा जवळ आहे, अशी दुकानं आधीच तीन आहेत, चौथं कशाला, पोरांवर काय संस्कार होणार, वगैरे. दोन दिवसांनी लायसन्सिंग ऑफिसर बाईंचा फोन आला आणि त्यांनी अगदी गोड आवाजात माझं निम्मं पत्र बाद केलं. कायद्याला चारच गोष्टींशी देणंघेणं: गुन्हे आणि दंगामस्ती रोखणं, लोकांची सुरक्षितता, शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव न होणं, मुलांचं संरक्षण. चौथ्या दुकानाची गरज आहे की नाही, ते गिऱ्हाइकं ठरवतील. संस्कार तर कुठल्याच खान्यात बसेनात. "रात्री एक वाजता तुमच्या खिडकीखाली काय होईल, ते लिहा," बाई म्हणाल्या.

आपल्याकडे बाया मतदान करून बाटली आडवी करतात. तिथे सवाल रोखठोक असतो, दुकान हवं की नको. इथे तो सवाल विचारायचीच मुभा नाही, याचा मला खरं तर रागच आला. पण पत्र पुन्हा लिहायला बसलो तेव्हा कळलं, की खिडकीखालच्या आवाजाचा मुद्दाच तेवढा माझा स्वतःचा होता. बाकीचं नुसतं भाषण.

सगळ्या नाजूक धंद्यांना एकच माप आहे, असंही नाही. बेटिंग शॉपच्या बाबतीत कायद्याचा कल परवानगी देण्याकडेच. दारूच्या परवान्याला सहसा मुदतच नसते. स्ट्रिप क्लबचा परवाना मात्र फार तर वर्षभराचा, आणि 'वस्तीला शोभत नाही' हे कारणही तिथे चालतं. 'या भागात एकही नको' असं कौन्सिल ठरवू शकते. म्हणजे संस्कारांचा खाना आहे, फक्त दुसऱ्या कपाटात.

सुनावणीला तीन नगरसेवक होते. दुकानदाराने वकील नव्हे, बायको आणली होती; ती मांडीवरच्या फाइलमधून एकेक कागद नेमका काढून त्याच्या हातात देत होती. मी पाच मिनिटं आवाजावर बोललो. निर्णय असा: विक्री ११ पर्यंतच, बिअरचे सुटे कॅन विकायचे नाहीत, कॅमेऱ्याचं चित्रण ३१ दिवस ठेवायचं, पंचविशीच्या आतला दिसेल त्याच्याकडे ओळखपत्र मागायचं, आणि विक्री नाकारली की वहीत नोंद करायची. ही शेवटची अट ऐकून मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

या उन्हाळ्यात मावसभाऊ आला. वय २९, पण नुकतीच दाढी काढलेली. वाइनची बाटली घेऊन काउंटरवर गेला तर दुकानदाराने ओळखपत्र मागितलं. पासपोर्ट घरी राहिला होता. मग मी माझं पाकीट काढलं, तर मलाही नाही म्हणाला. "तुम्ही यांच्यासाठी घेताय, असं दिसतंय." मग काउंटरखालून वही काढली, घड्याळ बघितलं आणि शांतपणे दोन ओळी लिहिल्या. एक त्याची, एक माझी.