गाडी वेगळी, पेट्या वेगळ्या: माझी गोल्फ जीटीआय विकताना

गाडी विकायचं एका संध्याकाळी ठरलं. ती कशी विकायची हे ठरायला मात्र चार महिने गेले.

फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, पाचवी पिढी, २००७ची, तीन दारांची, सहा गिअरची मॅन्युअल. अकरा वर्षं माझ्याकडे होती. घरात दुसरं बाळ आलं, आणि तीन दारांच्या गाडीत पुढची सीट सरकवून दोन मुलांना मागे बसवणं रोज जमेना. बायकोने कधी "विक" म्हटलं नाही. एकदा पावसात धाकट्याला पट्टा लावताना तिची पाठ भरून आली, तेव्हा मीच म्हटलं.

मूळ गाडीची ताकद २०० पीएस (अश्वशक्तीसारखंच माप) आणि टॉर्क २८० न्यूटन मीटर. माझ्या गाडीत स्टेज टूचा रिमॅप होता (ताकद वाढवायला बदललेलं इंजिनचं सॉफ्टवेअर), तीन इंची डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप), मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-डॅम्पर), हलके अठरा इंची अलॉय आणि आर३२चे, म्हणजे याच गोल्फच्या जास्त ताकदीच्या मॉडेलचे, ३४५ मिलिमीटर डिस्कचे पुढचे ब्रेक. काढलेला प्रत्येक मूळ भाग मी जपून ठेवला होता: स्प्रिंग-डॅम्पर, डाउनपाइप, इंटरकूलर, चारही चाकं. शिवाय कधीच न बसवलेला के०४ नावाचा मोठा टर्बो, त्याला लागणारे मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) आणि एक जास्तीचा गिअरबॉक्स. अर्धं गॅरेज त्यातच भरलेलं.

सुरुवातीला सगळं एकगठ्ठा विकायला काढलं. गाडी आणि सोबत सगळे सुटे भाग. वाटलं होतं, एखादा दर्दी येईल आणि एका फेरीत गॅरेज रिकामं होईल. फोन पुष्कळ आले, पण सौदा कुठेच जुळेना. ज्याला रोज चालवायला गाडी हवी होती त्याला पेट्यांचं ओझं नको होतं, आणि रिमॅपचं नाव काढलं की तो इन्शुरन्सचं विचारायचा. त्याचं चूक नव्हतं. मॉडिफिकेशन जाहीर केलं नाही तर क्लेम अडकतो, आणि जाहीर केलं तर हप्ता वाढतो. ज्याला प्रोजेक्ट करायचा होता त्याला गाडी पडेल भावात हवी होती, कारण माझे अर्धे भाग काढून तो स्वतःच्या आवडीचे बसवणार होता. आणि उरलेल्यांना फक्त ब्रेक किंवा फक्त टर्बो हवा होता.

एका मित्राने सरळ सांगितलं, "गाडी पूर्ण खोल आणि तुकड्यांनी विक, सगळ्यात जास्त पैसे त्यातच." हिशेब खरा होता. पण असे भाग विकताना ब्रेक, सीट, चाकं, टर्बो, हेडलाइट पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जातात आणि मागे उरतं ते कोणालाच नको असलेला सांगाडा, कापलेली वायरिंग आणि एअरबॅग. एअरबॅगमध्ये स्फोटक चार्ज असतो, त्यामुळे ती साध्या कुरिअरने पाठवता येत नाही. यापेक्षा मोठं कारण वेगळं होतं. माझं इंजिन निरोगी होतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) एकमेकांच्या जवळ, टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल हातात, वाल्व्हवरचा कार्बन दोन वर्षांपूर्वी साफ केलेला. (या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक वाल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, म्हणून काजळी साचतेच.) चालती, धडधाकट गाडी कापायला माझा हात उठला नसता.

मग एका रविवारी वही घेऊन गॅरेजमध्ये बसलो. एकेका भागासमोर तीन प्रश्न लिहिले. हा काढला तर गाडी जास्त लोकांना चालेल का? हा सुटा विकला तर मिळणारे पैसे काढण्याच्या कष्टाला पुरे पडतील का? आणि काढताना काही मोडण्याची भीती आहे का? उत्तरं लिहीत गेलो तसा निर्णय आपोआप समोर आला: गाडी जवळजवळ मूळ स्थितीत आणायची, ब्रेक मात्र तसेच ठेवायचे.

ब्रेक ठेवले कारण ते कारखान्याचेच होते, नुसते मोठ्या भावाच्या गाडीचे. मूळ ३१२ मिलिमीटरचे परत बसवायचे तर नवीन डिस्क, नवीन पॅड, पुन्हा ब्लीडिंग (ब्रेकच्या तेलातली हवा काढणं), आणि हाती काय, तर कमी चांगले ब्रेक. डाउनपाइप मात्र काढावाच लागणार होता, कारण धुराच्या तपासणीत पुढच्या मालकाचा जीव टांगणीला लागू नये. इथे क्रम महत्त्वाचा आहे. स्टेज टूचं सॉफ्टवेअर मोकळा डाउनपाइप गृहीत धरून बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) देतं. ते सॉफ्टवेअर तसंच ठेवून मूळ अरुंद पाइप लावला तर टर्बोवर दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात. म्हणून पाइप आणि सॉफ्टवेअर एकाच दिवशी बदलले.

कॉइलओव्हर काढायला दोन शनिवार-रविवार गेले. मागचं काम सोपं, पुढचं जिकिरीचं. स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग-डॅम्परचा खांब, चाकाचा हब धरणाऱ्या कॅरिअरमध्ये घट्ट चिमटीत बसलेला असतो. फट रुंदावणारा खास स्प्रेडर न वापरता हातोडी मारली तर कॅरिअर खराब होतो. मी तो स्प्रेडर भाड्याने आणला, आणि एकदाच वापरायचे बोल्ट सगळे नवे घातले. शेवटी चाकांचं अलाइनमेंट.

सॉफ्टवेअर बदलून कोड (गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी) पुसल्यावर मी लगेच जाहिरात टाकणार होतो. बरं झालं थांबलो. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, कॅटॅलिस्ट (धूर साफ करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सरच्या, 'पूर्ण नाही' असं दाखवतात. स्कॅनर घेऊन आलेला जाणता ग्राहक ते पाहून म्हणणार, काहीतरी लपवायला आजच पुसलंय. चार दिवस शहरात आणि हायवेवर चालवली, सगळ्या तपासण्या पूर्ण झाल्या, मगच फोटो काढले.

रिमॅप होता हे जाहिरातीच्या दुसऱ्याच ओळीत लिहिलं. सॉफ्टवेअर मूळ केलं तरी ते किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद इंजिनच्या संगणकात राहू शकते. पण नोंद नसती तरी लिहिलंच असतं. पुढचा माणूस त्या गाडीत स्वतःची मुलं बसवणार असतो.

सुट्या भागांना दीड महिना लागला. फोटोत भागाचा नंबर स्पष्ट दिसला की निम्मे फालतू प्रश्न बंद होतात. १के०ने सुरू होणारा नंबर पाचव्या गोल्फचा, ०६एफ म्हणजे याच इंजिन कुटुंबाचा. शिवाय हाच पाया ऑक्टाव्हिया, लिओन आणि ऑडी ए३ यांच्याखालीही आहे. जाहिरातीत ही नावं घातल्यावर फोन दुप्पट झाले. टर्बोच्या दोन्ही बाजूंच्या पात्यांचे जवळून फोटो घेतले, शाफ्ट हाताने हलवून व्हिडिओ काढला. अलॉयवरच्या टायरची तारीख, आठवडा आणि वर्ष दाखवणारे ते चार आकडे, मीच फोटोत दाखवली. टायर जुने होते. अलॉयचा भाव त्याप्रमाणे लावला, कोणी घासाघीस केली नाही. गिअरबॉक्स पाठवायच्या भानगडीत पडलो नाही, येऊन घेऊन जा एवढंच लिहिलं. सगळ्या भागांचे मिळून खर्चाच्या निम्म्याच्या आसपास परत आले. माझ्या मते ते चांगलं आहे. गाडीत ठेवून विकले असते तर याच्या जवळपासही पोहोचलो नसतो.

गाडी घ्यायला आलेला मुलगा पंचविशीचा होता, सोबत त्याचे वडील. वडील कागद पाहत होते, मुलगा सरळ बॉनेटखाली. "दादा, कॅम फॉलोअर कधी बदललात?" मला त्याचा तिथेच विश्वास वाटला. या इंजिनात हाय प्रेशर फ्युएल पंपाखाली एक छोटीशी टोपी असते, तोच कॅम फॉलोअर. तिचं काळं आवरण झिजून भोक पडलं तर पंप आणि कॅमशाफ्ट दोन्ही जातात. मी तीन बोल्ट सोडून पंप काढला आणि फॉलोअर त्याच्या हातात दिला. काळं आवरण अजून एकसारखं होतं. वडिलांनी विचारलं, "हे एवढंसं बघायला एवढी खटपट?" मुलगा म्हणाला, "बाबा, यावरच सगळं आहे." टेस्ट ड्राइव्हनंतर भावात थोडं खालीवर झालं आणि व्यवहार ठरला.

कॉइलओव्हर शेवटपर्यंत राहिले. एक गिऱ्हाईक ठरलं आणि त्याने उंची बदलायचा हुक स्पॅनर मागितला, तेव्हा लक्षात आलं की तो जोड गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या खोबणीत राहिलाय. त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "मिळालेत दादा, तुमचेच असणार म्हणून बाजूला काढून ठेवलेत. उद्या पाठवतो." तिसऱ्या दिवशी स्पॅनर आले, आणि त्याच संध्याकाळी कॉइलओव्हर गेले.