मावशीची गाठ कुठल्या आकड्यात?

मावशीला दोनतीनदा गरगरलं म्हणून डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला. चक्कर निघाली कानाची, पण रिपोर्टमध्ये अगदी खाली एक ओळ होती, ११ मिलिमीटरची गाठ, मेनिन्जिओमा असावा. झालं! घरात सगळे ब्रेन ट्यूमर, ब्रेन ट्यूमर करत बसले, आई रडायला लागली, आणि मी रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर एकच गोष्ट शोधत होते की बाबा हे जगात होतं तरी किती जणांना?

आता हा प्रश्न साधा वाटतो ना, तर नाहीये. पहिला आकडा जो सापडतो तो आयएआरसीचा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवाली संस्था. त्यांच्या हिशोबानं २०२२ मध्ये जगभरात मेंदू आणि मज्जासंस्थेच्या कॅन्सरचे साधारण ३ लाख २१ हजार नवे पेशंट सापडले. त्याच वर्षी सगळे कॅन्सर मिळून जवळपास २ कोटी, त्यातले फुफ्फुसाचेच २५ लाखांच्या आसपास. म्हणजे शंभर कॅन्सर पेशंटमागे दोनसुद्धा मेंदूचे नाहीत. मला जरा हायसं वाटलं आणि तेवढ्यात शेजारचा रकाना दिसला, मृत्यू साधारण २ लाख ४८ हजार. पोटात गोळाच आला. दुर्मिळ आहे खरा, पण होतो तेव्हा सोडत नाही. त्यातला सगळ्यात वाईट ग्लिओब्लास्टोमा, ऑपरेशन, रेडिएशन, केमो सगळं करूनही बहुतेकांना वर्ष-दीड वर्षच मिळतं.

पण गंमत अशी की माझी मावशी या ३ लाख २१ हजारांत येतच नाही! कारण तिथे फक्त कॅन्सरच्या गाठी मोजतात आणि मेनिन्जिओमा बहुतेक वेळा कॅन्सर नसतो. तो मेंदूत नाही, मेंदूच्या आवरणावर येतो, हळूहळू वाढतो, कधीकधी वाढतच नाही. साध्या गाठींची नोंद बऱ्याच देशांत नीट होतच नाही, अमेरिकेत त्यासाठी कायदा करावा लागला आणि २००४ पासून त्या मोजायला लागले. तिथले आकडे बघितले की चित्रच पालटतं, वर्षाला लाखामागे साधारण २५ जणांना मेंदू किंवा मज्जासंस्थेची गाठ निघते, त्यात कॅन्सरवाले फक्त ७ च्या आसपास. या सगळ्या गाठींत एकटा मेनिन्जिओमाच साधारण ४० टक्के, आणि तो पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो.

शिवाय फुफ्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर पसरून मेंदूत जातो त्या गाठी यात धरतच नाहीत, त्या मूळ अवयवाच्या खात्यात जमा. आणि मोठ्या माणसांमध्ये त्याच जास्त असतात!

सगळ्यात भारी मला काय वाटलं तर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा अभ्यास, २००७ मध्ये छापून आलेला. काहीही त्रास नसलेल्या २००० लोकांचे एमआरआय काढले, सरासरी वय ६३, तर त्यातल्या १८ जणांना मेनिन्जिओमा निघाला. शंभरात जवळपास एक! आणि त्यांना पत्ताच नाही. म्हणजे किती जणांना गाठ आहे हे किती जण मशीनमध्ये शिरतात यावर पण ठरतं. श्रीमंत देशांत आकडे जास्त दिसतात त्यामागे हेही आहेच, स्कॅन जास्त, नोंदी नीट. पण सगळंच त्यावर ढकलून चालणार नाही, कारण अमेरिकेत एकाच देशात राहूनही ग्लिओमा (मेंदूच्या आतल्या पेशींची गाठ, ग्लिओब्लास्टोमा त्यातलाच) गोऱ्या लोकांत बराच जास्त आणि मेनिन्जिओमा काळ्या लोकांत जास्त.

आमच्या मामेभावानं अर्थातच मोबाईलला दोष दिला (स्वतः दिवसभर कानाला लावून असतो). २०११ मध्ये आयएआरसीनं मोबाईलच्या लहरींना "कदाचित कॅन्सरकारक" अशा गटात टाकलं होतं हे खरं, पण इतकी वर्षं झाली, घरोघरी मोबाईल आले, तरी नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांत जिथे दशकानुदशकं नोंदी आहेत तिथे गाठींनी काही उसळी घेतलेली दिसत नाही. पक्कं कारण म्हणाल तर रेडिएशन, एक्सरेवालं. पूर्वी इस्रायलमध्ये डोक्यातल्या गजकर्णावर उपाय म्हणून हजारो मुलांच्या डोक्याला रेडिएशन दिलं होतं, त्यांना पुढे मोठेपणी मेनिन्जिओमा कितीतरी जास्त झाले. गजकर्णासाठी, विचार करा!

सहा महिन्यांनी मावशीचा परत एमआरआय काढला. आत ठकठक ठकठक आवाज, डोक्यावर तो पिंजरा, बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, आत झोप लागली मला." गाठ ११ मिलिमीटरच. डॉक्टर म्हणाले आता एकदम वर्षानं या. चक्कर मात्र अजून येते, कारण कानासाठी मानेचे जे व्यायाम सांगितलेत ते ती करत नाही.