अंगठी नष्ट झाल्यानंतरची वीस मिनिटे

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रत्रयीचा अखेरचा भाग, ‘द रिटर्न ऑफ द किंग’, डिसेंबर २००३ मध्ये प्रदर्शित झाला. २९ फेब्रुवारी २००४ च्या ऑस्कर सोहळ्यात त्याला ११ नामांकने होती आणि अकराही पुरस्कार त्याच्या पदरात पडले. त्यांत अभिनयाचा एकही नव्हता, कारण अभिनयासाठी कुणाचे नामांकनच झाले नव्हते. नायक फ्रोडोचा सोबती सॅम याची भूमिका करणाऱ्या शॉन ॲस्टिन यांचे काम आठवले की ही गोष्ट मला अजूनही खटकते. एवढा मानसन्मान मिळूनही या चित्रपटाला एक तक्रार जी चिकटली ती आजतागायत सुटलेली नाही. जगाला गुलाम करू शकणारी अंगठी ज्वालामुखीत वितळते, ती घडवणाऱ्या दुष्ट सॉरॉनचा मनोरा कोसळतो, आणि तिथून श्रेयनामावली सुरू होईपर्यंत जवळपास वीस मिनिटे जातात. मध्येच पडद्यावर अंधार होतो, संपले असे समजून प्रेक्षक उठायच्या तयारीत असतो, तोच पुढचे दृश्य उजळते आणि हे पुन्हा पुन्हा घडते. चित्रपटाला शेवट किती असावेत, असा टोमणा तेव्हापासून मारला जातो. माझे मत नेमके उलटे आहे. तीन तास एकवीस मिनिटांच्या या चित्रपटातला सर्वांत धाडसी आणि सर्वांत आवश्यक भाग हाच आहे, आणि त्यात काही दोष असलाच तर तो लांबीचा नाही.

या प्रश्नात मूळ कादंबरीचा दाखला घ्यावाच लागतो. टोल्किन यांनी ही एकसंध कथा म्हणून लिहिली होती. युद्धोत्तर काळातल्या कागदाच्या आणि छपाईच्या खर्चामुळे ती १९५४ आणि १९५५ मध्ये तीन ग्रंथांत विभागून निघाली. तिसऱ्या ग्रंथाचे नाव टोल्किन यांना पसंत नव्हते, कारण राजा परत येणार हे मुखपृष्ठावरच फुटते, असे त्यांचे म्हणणे होते. कथेची अंतर्गत रचना सहा भागांची आहे. त्यांतल्या शेवटच्या भागात नऊ प्रकरणे आहेत आणि अंगठी तिसऱ्याच प्रकरणात नष्ट होते. उरलेली सहा प्रकरणे घरी परतण्याची, निरोपांची आणि न भरलेल्या जखमांची आहेत. लेखकाने ज्याला इतकी जागा दिली ते शेपूट म्हणून छाटून टाकणे सोपे होते. दिग्दर्शक पीटर जॅक्सन आणि त्यांच्या सहलेखिका फ्रॅन वॉल्श व फिलिपा बॉयन्स यांनी तो मोह बऱ्याच अंशी टाळला.

तो का टाळला, याचे उत्तर चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात आहे. महायुद्धाचा चित्रपट सुरू होतो तो एका नदीवर मासे धरणाऱ्या दोन नातलगांपासून. डेआगोलला पाण्याच्या तळाशी अंगठी सापडते, स्मेआगोल, म्हणजे पुढचा गॉलम, ती मागतो, आधी लाडीगोडीने आणि मग हाताने. झटापट सुरू होते तेव्हा दोघेही किंचित हसत आहेत. थट्टा कुठे संपली आणि गळा आवळणे कुठे सुरू झाले, ते नेमके सांगता येत नाही. आधीच्या भागात केवळ हालचाली आणि आवाजातून गॉलम साकारणारे अँडी सर्किस इथे स्वतःच्या चेहऱ्याने दिसतात, आणि पुढच्या काही मिनिटांत त्या चेहऱ्याचे दात, केस, कातडी आणि नाव एकेक करून गळून पडते.

आता याच्याशेजारी शेवटची झटापट ठेवून पाहावी. माउंट डूम या ज्वालामुखीच्या कड्यावर, अंगठी नष्ट करायला आलेला फ्रोडो ती टाकत नाही. ती माझी आहे, असे म्हणून तो ती बोटात चढवतो. ज्याच्यासाठी तीन चित्रपट आपण जीव मुठीत धरून बसलो तो नायक ऐन क्षणी हरतो. गॉलम त्याचे बोट दातांनी तोडतो आणि अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचू लागतो. कादंबरीत तो या नाचातच तोल जाऊन खाली पडतो. चित्रपटात मात्र रक्ताळलेला फ्रोडो उठतो आणि पुन्हा त्याच्यावर झेपावतो, आणि त्या ओढाताणीत दोघेही कड्यावरून जातात. आधी वेगळे चित्रीकरण झाले होते, ज्यात फ्रोडो गॉलमला सरळ ढकलून देतो. ते थंड डोक्याने केलेल्या खुनासारखे वाटल्यामुळे बदलण्यात आले. हा बदल मला मूळ कादंबरीच्या जोडीला बसवावासा वाटतो, कारण फ्रोडो झेपावतो तेव्हा त्याला जग वाचवायचे नसते, अंगठी परत हवी असते. म्हणजे चित्रपट ज्या भांडणाने सुरू झाला त्याच भांडणाने तो शिखर गाठतो, आणि जग वाचते ते अंगठीच्या नादी लागलेल्या दोन जीवांच्या हातघाईत, जवळजवळ अपघाताने. अपघात मात्र पूर्णपणे नाही. गॉलम तिथवर जिवंत पोचला तो फ्रोडोच्या आधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोने, फ्रोडोने आणि कादंबरीत तर शेवटी चिडलेल्या सॅमनेही त्याला वेळोवेळी सोडून दिल्यामुळे. पहिल्या भागात मोरियाच्या खाणींच्या अंधारात जादूगार गँडाल्फने दयेबद्दल जे सांगितले होते त्याची वसुली इथे होते.

असा विजय मिळाल्यावर ढोलताशे वाजवून घरी जाता येत नाही. नायक जिंकला असता तर राज्याभिषेकावर पडदा टाकून चालले असते; तो हरला आणि तरीही वाचला, म्हणून त्याचे पुढे काय झाले हे दाखवणे भाग होते.

विजयाची किंमत मोजत राहण्याची ही सवय चित्रपटाला आधीपासूनच आहे. गॉन्डॉर राज्याचा कारभारी डेनेथॉर याच्या भोजनाचा प्रसंग त्यासाठी पुन्हा पाहण्याजोगा आहे. बापाचे प्रेम मिळावे म्हणून त्याचा मुलगा फॅरामिर निश्चित मरणाकडे घोडा पिटाळतो, आणि त्याच वेळी रिकाम्या दगडी दालनात डेनेथॉर फ्रोडोच्याच बुटक्या हॉबिट जमातीतल्या पिपिनला गाणे म्हणायला सांगून जेवायला बसतो. त्या गाण्याची चाल पिपिन झालेल्या बिली बॉईड यांनीच बांधलेली आहे. गाणे चालू असताना कॅमेरा ताटाकडे जातो. डेनेथॉर छोटे टोमॅटो दाताखाली फोडतो, त्यांचा लाल रस ओठांवरून हनुवटीवर ओघळतो, आणि तिकडे घोडदळ धनुष्ये ताणून बसलेल्या सॉरॉनच्या ऑर्क सैनिकांवर चालून जाते. युद्धातले रक्त त्या क्षणी दाखवलेलेच नाही. गाणे संपते तेव्हा पिपिनच्या डोळ्यांत पाणी आहे आणि डेनेथॉर अजून चावतो आहे. संगणकाने उभ्या केलेल्या हजारो सैनिकांच्या या चित्रपटात सर्वांत भीषण लढाई एका जेवणाच्या टेबलावर घडते, हे मला दिग्दर्शकाच्या ताकदीचे खरे प्रमाण वाटते.

ही किंमत मोजण्याची शिस्त जिथे सुटते तिथेच चित्रपट घसरतो, आणि ती जागा शेवटांमध्ये नसून गॉन्डॉरच्या राजधानीपुढच्या पेलेनॉरच्या लढाईत आहे. मित्रराज्य रोहानचे घोडदळ पहाटे टेकडीवर येते, त्यांचा राजा थिओडेन ओळीतल्या भाल्यांवर तलवार आपटत दौडत जातो, सगळे मिळून मरणाचा जयघोष करतात आणि उतारावरून सुटतात. हावर्ड शोर यांचे संगीत त्या क्षणी जे करते त्याला तोड नाही. हे लोक जिंकायला आलेले नाहीत, दिलेल्या शब्दासाठी मरायला आलेले आहेत, हे प्रत्येक चेहऱ्यावर वाचता येते. मग थिओडेन पडतो, त्याची भाची एओविन शिरस्त्राण काढून नाझगुलांच्या, म्हणजे सॉरॉनच्या काळ्या स्वारांच्या, म्होरक्याला संपवते, आणि लढाई अजून हातातून जाण्याच्या बेतात असताना गॉन्डॉरच्या गादीचा वारस ॲरागॉर्न मृतांची सेना घेऊन येतो. हिरव्या धुरासारखी ती सेना हत्तींसकट सगळे मैदान काही मिनिटांत पुसून काढते. त्या सेनेला मरण नाही, इजा नाही आणि थकवाही नाही. कादंबरीत मृतांचे काम फक्त दक्षिणेकडे चाच्यांच्या ताफ्याला पळवून लावण्यापुरते आहे. ते झाल्यावर ॲरागॉर्न त्यांना तिथेच मुक्त करतो आणि रिकाम्या झालेल्या जहाजांतून गॉन्डॉरच्या दक्षिण भागातली हाडामांसाची माणसे लढायला येतात. चित्रपटाने वेळ वाचवला, पण त्या बचतीत रोहानच्या बलिदानाची धार बोथट झाली. एवढी सेना हाताशी होतीच तर घोडेस्वारांना अर्धा दिवस थांबायला का सांगितले नाही, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात येतो, आणि तो यायला नको होता.

शिळ्या भाकरीच्या चुऱ्यावरून, म्हणजे गॉलमने सॅमच्या अंगावर टाकलेल्या लेम्बासच्या कणांवरून, फ्रोडो सॅमला परत पाठवतो तो प्रसंगही कादंबरीत नाही आणि मला पटत नाही. शेलॉब या राक्षसी कोळिणीच्या गुहेत फ्रोडो एकटा हवा होता, एवढाच त्याचा उपयोग.

तर शेवटांकडे वळू. राज्याभिषेकाचा प्रसंग सगळ्यांना आठवतो, कारण तिथे नवा राजा चार हॉबिटांपुढे गुडघे टेकतो आणि त्याच्यामागे सारे नगर टेकते. इथेच थांबायला हवे होते, असे अनेकांचे म्हणणे असते. पण लगेच पुढे येणारा खाणावळीतला प्रसंग पाहावा. चौघे शायर या आपल्या मुलखात परतले आहेत, अंगावर उंची कपडे आहेत, हातात बियरचे मग आहेत. बाजूने एक हॉबिट भलामोठा भोपळा घेऊन जातो आणि सगळ्या खाणावळीचे लक्ष त्या भोपळ्याकडे लागते. या चौघांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. ज्यांच्यापुढे राजा वाकला त्यांना गावात भोपळ्याइतकाही मान नाही, आणि त्यांनाही तो नको आहे. ते एकमेकांकडे पाहून मग उंचावतात. कुणी काही बोलत नाही, कारण बोलण्यासारखे जे आहे ते तिथे कुणाला समजणार नाही. मग सॅम एका घोटात मग रिकामा करतो आणि त्याला आवडणाऱ्या रोझीकडे चालू लागतो. चौघांतला एक तरी इथे पुन्हा रुजणार आहे, हे तेवढ्या चालीवरून कळते.

कादंबरीत परतलेल्या चौघांना शायर उद्ध्वस्त झालेले सापडते. फितूर जादूगार सारुमानच्या माणसांनी झाडे तोडलेली असतात, आणि शेवटची लढाई घराच्या अंगणातच लढावी लागते. ते प्रकरण चित्रपटाने गाळले म्हणून कादंबरीचे चाहते नाराज आहेत, आणि त्यांची बाजू भक्कम आहे. तरीही मला चित्रपटाची निवड समर्थनीय वाटते. एका भयंकर शिखरानंतर दुसरी लढाई पडद्याला पेलली नसती, आणि काहीच न बदललेल्या गावात पूर्ण बदललेला माणूस परत येणे ही त्याच दुःखाची दुसरी, अधिक मुकी तऱ्हा आहे. टोल्किन स्वतः पहिल्या महायुद्धात, १९१६ साली सोमच्या आघाडीवर होते आणि १९१८ पर्यंत त्यांचा एक सोडून बाकी सगळे जवळचे मित्र मारले गेले होते. कादंबरीला युद्धाचे रूपक म्हणणे त्यांना अजिबात मान्य नव्हते, ते नाकारण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण पहिल्या भागात नाझगुलाच्या सुऱ्याने झालेली फ्रोडोची जखम दर वर्षी त्याच तारखेला का ठणकते, हे आघाडीवरून परतलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावे लागले नसेल. चित्रपटात ही बाब दोन वाक्यांत येते. चार वर्षे झाली, असे म्हणत फ्रोडो खांद्याकडे हात नेतो, आणि ती कधी पुरती भरलीच नाही, असे सॅमला सांगतो.

यानंतर ग्रे हेवन्स बंदरावरचा निरोप अपरिहार्य ठरतो. रडण्याचा हा अवघड प्रसंग कलाकारांना तीनदा द्यावा लागला. पहिल्यांदा जेवणाच्या सुट्टीनंतर ॲस्टिन जाकीट चढवायला विसरले आणि दृश्यांचा मेळ बसेना. दुसऱ्यांदा छायाचित्रण धूसर निघाले. तिसऱ्या खेपेला जे हाती लागले त्यात जहाजावर चढलेला फ्रोडो वळून पाहतो आणि हसतो. एलायजा वुड यांचा चेहरा या आख्ख्या भागात सुकलेला, सुजलेला, मळलेला आहे. या एका हास्यात तो पहिल्या चित्रपटातला पोरगा क्षणभर परत दिसतो. त्याला जगाने नव्हे, जगातून निघून जाण्याने हे हास्य दिले, हे लक्षात आले की वीस मिनिटे फार नव्हती हेही लक्षात येते.

मग दोष कोणता? चित्रपटगृहात दाखवलेल्या आवृत्तीत एक शेवट कमी आहे. एओविन आणि फॅरामिर हे या कथेतले दोन सर्वांत घायाळ जीव. एकीला प्रेम मिळाले नाही आणि दुसऱ्याला बाप मिळाला नाही, आणि दोघेही मरायचे ठरवूनच रणात उतरलेले. राज्याभिषेकाच्या गर्दीत ते अचानक शेजारीशेजारी उभे राहून हसताना दिसतात आणि कादंबरी न वाचलेल्याला ते एकत्र कसे आले याचा पत्ता लागत नाही. चार तासांहून मोठ्या विस्तारित आवृत्तीत त्यांची भेट आहे. त्या आवृत्तीतले सगळेच परत यायला हवे होते असे नाही. बोलणी करायला आलेल्या सॉरॉनच्या दूताचे मुंडके ॲरागॉर्न उडवतो, ते तर राजाला शोभत नाही. सारुमानचा मृत्यू मात्र मूळ आवृत्तीत हवा होता. तो गाळला गेल्याने सारुमान साकारणारे क्रिस्टोफर ली नाराज झाले होते, आणि दोन भाग ज्या खलनायकाने व्यापले त्याला तिसऱ्यात दर्शनही न मिळणे खरोखरच विचित्र आहे. पण एकच प्रसंग परत आणायची मुभा असती तर मी शुश्रूषागृहाच्या सज्जातला तो छोटासा प्रसंग निवडला असता. नगरात सामसूम आहे, एओविन थंडीबद्दल बोलते, आणि हा अंधार टिकणार नाही असे फॅरामिर तिला सांगतो. दोन मिनिटांचेही काम नाही ते, आणि बावीस मिनिटे झाली असती तरी माझी काही हरकत नव्हती.