पेटीत पाणी भरलं तेव्हा

मे महिन्यातली गोष्ट मला तांडेलाने, म्हणजे मासेमारीची होडी चालवणाऱ्याने, सांगितली. त्याचा ट्रॉलर रात्री रत्नागिरीजवळ जयगडसमोर नांगर टाकून उभा होता. केबिनमध्ये चौघं वरच्या फळ्यांवर झोपलेले, एक पोरगा खाली जमिनीवर. गॅसचा वास आला तो त्या पोराला. वरच्या एकालाही नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला की पाण्यासारखा खाली उतरतो, आणि होडीत खाली म्हणजे इंजिन. तांडेलाने कुणाला एका बटणाला हात लावू दिला नाही. दिवा नाही, पंप नाही. झाकणं उघडली, सिलिंडर बंद करून डेकवर नेला आणि पहाटेपर्यंत अंधारात बादल्यांनी तळातली हवा उपसली, पाणी उपसतात तशी. सिलिंडरच्या तोंडातली रबरी रिंग चिरली होती, एवढंच. हवेत दोन टक्के गॅस मिसळला की पेट घ्यायला एक ठिणगी पुरते.

जुलैत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होडी पावसाळ्यासाठी झाकून शाकारलेली असताना नाखव्याने, म्हणजे होडीच्या मालकाने, मला बोलावलं. "भाऊ, सिलिंडर केबिनबाहेर काढायचाय. डेकवर पेटी करून द्या, एकदम घट्ट."

फायबरचं काम मी २२ वर्षं करतोय. खण केलेत, केबिनी केल्यात, होड्यांच्या फुटलेल्या नाळी, म्हणजे पुढची टोकं, जोडल्यात. गॅसची पेटी पहिलीच. कामाला हात घालण्याआधी दोन रात्री वाचत बसलो, आणि कळलं की नाखव्याचा 'घट्ट' अर्धाच बरोबर. केबिनच्या बाजूने पेटीला सुईएवढं भोक नको, पण तळाशी मात्र तिला कायमची उघडी वाट हवी. गळलेला गॅस त्या वाटेने समुद्रावर गेला पाहिजे. वाटेचं तोंड भरल्या होडीच्या पाणरेषेच्या वर, आणि इंजिनाच्या हवेच्या खिडकीपासून, कुठल्याही झाकणापासून निदान २० इंच लांब.

केबिनच्या मागच्या भिंतीला लागून, डेकपासून वीतभर उंच, १४.२ किलोचे दोन सिलिंडर उभे राहतील अशी पेटी बांधली. १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय, कोपऱ्यांत पुट्टीची गोलाई, आतून-बाहेरून काचतंतूंची मॅट आणि रेझिन. पावसात रेझिन लवकर धरत नाही, ताडपत्रीखाली चार दिवस जास्त गेले. झाकण वरून उघडणारं, कडेला रबर. शेगडीची नळी भिंतीतून वरच्या अंगाला काढली, भोवती भोक घट्ट बुजवणारी रबरी ग्लँड आणि पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन मी वापरत नाही. फायबरवरून ते कालांतराने सुटतं आणि मग त्या जागी दुसरं काही चिकटत नाही. तळातून एक इंची लवचीक पाइप, बसायच्या फळीखालून होडीच्या कडेपर्यंत.

माझ्या हाताखालच्या मुलाने आत उदबत्त्या लावल्या, झाकण मिटलं आणि केबिनमध्ये जाऊन भिंत न्याहाळली. धुराची रेघसुद्धा नाही. तो खूश झाला. माझं मन मात्र मानेना. धूर गरम, तो वर जातो. आपल्याला भीती आहे खाली जाणाऱ्याची. खाली जाणारं पाणीच.

तळाच्या भोकाला बूच मारलं, तीन बादल्या पाणी ओतलं आणि पेन्सिलने खूण केली. सकाळी पाणी दोन बोटं उतरलेलं. केबिनच्या भिंतीवर, जमिनीपासून थोडं वर, प्लायवर ओली रेघ होती. सिलिंडरचा पट्टा अडकवायच्या हुकाचा स्क्रू आरपार गेला होता. जागा मीच दाखवली होती, तेव्हा चूक माझी. घासून मॅटचे दोन थर मारले. परत भरलं, परत रात्रभर ठेवलं. खूण हलली नाही.

मग बूच काढलं. पाणी धो धो समुद्राच्या बाजूला पडलं. काम संपलं असं समजून मुलगा बादल्या उचलायला लागला. मी सहज पाइपच्या बाहेरच्या तोंडाला ओठ लावून फुंकलं. आतून आवाज आला, गुळगुळ. पुन्हा फुंकलं, पुन्हा गुळगुळ.

फळीखाली वाकून पाहिलं तर दोन क्लँपच्या मध्ये पाइपला पोट आलेलं, जेमतेम चार बोटांचं. त्यात पेलाभर पाणी साचलेलं. बेसिनखालच्या नळीचा बाक वास अडवतो, नेमकं तेच इथे होणार होतं. दोन फूट उंचीचा गॅस साचला तरी त्याचा दाब एक मिलिमीटर पाण्यालासुद्धा हलवू शकत नाही. म्हणजे पावसाचं किंवा लाटेचं पाणी एकदा त्या पोटात शिरलं की पेटीची वाट बंद. गॅस आतच साचून राहणार, भरत वर येणार, आणि झाकण उघडलं की भंडाऱ्याच्या, म्हणजे होडीवरच्या स्वयंपाक्याच्या, पायाशी ओतला जाणार. बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसलं असतं.

मी बराच वेळ तिथेच उकिडवा बसून होतो. त्या खाली झोपणाऱ्या पोराला मी एकदाच पाहिलं होतं, जाळं शिवताना. सतरा-अठराचा असेल.

लवचीक पाइप काढून टाकला. कडक पीव्हीसीचा घेतला, सलग उतार दिला, दर फुटाला क्लँप. आता फुंकलं की पेटीच्या तळाशी धरलेल्या हाताला नुसती हवा लागत होती.

भंडाऱ्याला मी एकच गोष्ट दोनदा सांगितली: जेवण झालं की नुसतं शेगडीचं बटण बंद करून थांबायचं नाही, पाऊस असला तरी बाहेर येऊन रेग्युलेटरच बंद करायचा. तांडेलाला फुंकून दाखवलं, आधीचा पाइपही हातात दिला. तो काही बोलला नाही. १ ऑगस्टला पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली. निघायच्या आधी त्याने पेटीचं झाकण उघडलं, बादलीभर पाणी आत ओतलं आणि कडेला जाऊन वाकून बघत राहिला. शेवटचा थेंब पडल्यावर त्याने पाइपला तोंड लावून फुंकलं, कान देऊन ऐकलं, आणि मग दोर सोडायला सांगितलं.