छपरावरचा बर्फ

गेल्या जुलैत दादरच्या एक काकू जुन्या साडीच्या घडीत गुंडाळलेली फ्रेम घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचे यजमान नोकरीनिमित्त ओसाकाला असताना त्यांनी घेतलेले हे चित्र होते: गवताने शाकारलेले शेतघर, छपरावर जाड बर्फ आणि मागे निष्पर्ण झाडे. खाली पेन्सिलीने केलेली सही तानाका र्योहेई यांची होती. ओसाकाजवळच्या ताकात्सुकी येथे १९३३ साली जन्मलेल्या आणि २०१९ साली निवर्तलेल्या या चित्रकाराची शेतघरे मी पुस्तकांत पुष्कळदा पाहिली होती; कागदसंवर्धनाच्या कामात इतकी वर्षे गेली, तरी त्यांचे मूळ चित्र हाती येण्याची ही पहिलीच वेळ.

काचेच्या आत बुरशीचे तपकिरी डाग पडले होते आणि तेही नेमके छपरावरच्या बर्फात. फ्रेम करणाऱ्याने मागे हार्डबोर्ड लावून चित्र चिकटपट्टीने डकवले होते. मुंबईच्या पावसाळ्यात त्या हार्डबोर्डाने ओल धरून ठेवली आणि आम्लही कागदात उतरवले.

"तेवढ्या डागांवर पांढरा रंग लावला तर चालेल का हो?" काकूंनी विचारले.

उत्तर देण्याऐवजी मी त्यांच्या हाती भिंग दिले. त्यांना पेनने काढलेल्या वाटणाऱ्या रेघा भिंगाखाली कागदावर किंचित उंचावलेल्या दिसल्या आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेची खाच दिसली. अशा चित्रासाठी तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देतात, त्यावर सुईने रेघा ओढून पत्रा आम्लात ठेवतात आणि जी रेघ अधिक वेळ आम्लात राहते ती अधिक खोल, म्हणून अधिक काळी उमटते. मग पत्र्यावर शाई चोळून पुसून काढली, की ती फक्त त्या खाचांत उरते आणि दाबयंत्रातून जाताना ओलसर कागद तिथली शाई उचलून घेतो. जिथे सुई टेकलेलीच नाही, तिथे कागद कोरा राहतो. त्या छपरावरचा बर्फ म्हणजे तो कोरा कागद होता. त्यावर रंग लावणे म्हणजे बर्फच झाकून टाकणे.

चिकटपट्टी काढण्यातच सकाळ गेली. दुपारी शाई आणि पेन्सिल पाण्यात सुटत नसल्याची एका कोपऱ्यात खात्री करून मी चित्र शुद्ध पाण्यावर तरंगत ठेवले. अर्ध्या तासात पाण्याला चहासारखा पिवळसर रंग आला. पाणी तीनदा बदलले. डाग फिके झाले, पण वळचणीजवळचे तीन उरले.

हायड्रोजन पेरॉक्साइड हाताशीच होते आणि ते वापरण्याचा मोह मला झाला, हे मी कबूल करते. परंतु तेवढीच जागा उजळली असती, तर त्या बर्फाचा मूळ उबदार पांढरेपणा गेला असता. तानाकांनी वळचणीखाली बारीक रेघांची जाळी विणून अंधार इतका दाट केला आहे, की वरचा कोरा कागद त्याच्याशेजारी आपोआप बर्फ होतो. तो तोल बिघडवण्यापेक्षा मी ते तीन फिके डाग राहू दिले.

सुकवताना नेहमीसारखे जड वजन ठेवले असते, तर पत्र्याची खाच सपाट झाली असती. म्हणून मऊ लोकरी नमद्यांमध्ये टीपकागद घालून अगदी हलके वजन ठेवले.

आठवड्याने काकू आल्या. त्यांनी स्वतःहून भिंग मागितले, वळचणीपासून छपराच्या टोकापर्यंत सावकाश फिरवले आणि म्हणाल्या, "ह्यांना हे दाखवायला हवं होतं."