पाहुणे येणारेत, हजाराच्या आत वाईन कुठली आणू?

ओळखीत कुणाकडे जेवायला जायचं असलं की मला मेसेज ठरलेला, "अगं वाईन कुठली नेऊ, हजाराच्या आत सांग, आणि रेड सांग हं, व्हाईट म्हणजे नुसतं आंबट पाणी". मी काही वाईनमधली तज्ञ वगैरे नाही, पुण्यात राहते, नवरा व्हिस्कीवाला, त्यामुळे घरात वाईनची खरेदी माझ्याकडे आणि बिलावर डोळापण माझाच. पण उत्तर कधीचं ठरलेलं आहे: व्हाईट घे, नाशिककडची घे, जितकी नवी मिळेल तितकी नवी घे, आणि त्यांच्या दारात पोचशील तेव्हा बाटली गार पाहिजे. यातल्या प्रत्येक गोष्टीवर वाद होतो, म्हणून आज सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी पैशांचं बोलू, कारण तिथंच लोक फसतात. परदेशी वाईनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्यूटी आहे, त्यावर राज्याचे कर, मग आणणाऱ्याचं मार्जिन, मग दुकानदाराचं. म्हणजे स्पेनमधे लोक जी बाटली भाजी आणायला गेल्यावर चार युरोला सहज टोपलीत टाकतात ती इथं बाराशे-पंधराशेला पडते आणि आपण ती "इंपोर्टेड आहे हं" म्हणून कौतुकानं पुढे करतो. चार युरोची वाईन वाईट नसते, पण ती पंधराशेची नसते एवढंच. ऑस्ट्रेलियाशी करार झाला, डिसेंबर २०२२ पासून लागू आहे, त्यात ५ अमेरिकी डॉलरच्या वरच्या बाटलीची ड्यूटी १५० वरून १०० टक्क्यांवर आली आणि दहा वर्षांत ५० वर जाणार आहे, त्यामुळे ऑस्ट्रेलियन शिराझ या रेडवर लक्ष ठेवायला हरकत नाही, पण स्वस्ताई अजून लांब आहे. इथल्या वाईनला उलट राज्यानं सांभाळून घेतलंय, २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात उत्पादन शुल्क माफ केलं, नंतर लावलं ते लिटरला १० रुपये, म्हणजे नावापुरतंच. तेव्हा इथली आठशेची बाटली घेताना आपण बराचसा पैसा वाईनचा देतो, परदेशी बाटलीत बराचसा कराचा आणि बोटीचा.

आता दुकान. आपल्या वाईन शॉपमधे सगळी दर्शनी जागा व्हिस्की-रमची, समोर गर्दी बिअरवाल्यांची, आणि वाईन बिचारी वरच्या फळीवर ट्यूबलाईटच्या शेजारी उभी, एसी नाही, काचेतून दुपारचं ऊन येतंय, आणि पुण्यातला एप्रिल काय असतो ते मी सांगायला नको. अशा दुकानात मी एकदा म्हटलं, "दादा, मागची तारीख दाखवा ना जरा". तर दादा म्हणे, "मॅडम वाईनला कसली तारीख, जितकी जुनी तितकी भारी". हे वाक्य तुम्हाला महाराष्ट्रात कुठल्याही दुकानात ऐकायला मिळेल आणि आपल्या बजेटमधल्या बाटलीबद्दल ते साफ चुकीचं आहे. जुनी होऊन सुधारणाऱ्या वाईन वेगळ्या, महागड्या, गार तळघरात आडव्या पडून राहिलेल्या. हजाराच्या आतली व्हाईट ही ताजी प्यायचीच वस्तू आहे. दोन उन्हाळे फळीवर काढले की तिचा वास जातो, रंग पिवळट तांबूस होतो आणि सोललेलं सफरचंद तासभर तसंच ठेवल्यावर येतो तसा वास मारायला लागते. म्हणून बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा, बॉटलिंगचा महिना-वर्ष बारीक अक्षरात असतं. पुढे द्राक्षांचं वर्ष छापलं असेल तर अजून सोपं. आपल्याकडे वाईनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान होते, फ्रान्समधे ती सप्टेंबरच्या आसपास, त्यामुळे इथली यंदाची व्हाईट यंदाच्याच पावसाळ्यानंतर दुकानात दिसू शकते. दिवाळीच्या खरेदीला मी तेच शोधते. आणि शक्यतो असं दुकान धरा जिथं माल खपतो, फळीवर धूळ नाही, आणि व्हाईट निदान एका फ्रीजमधे तरी ठेवतात. थोडं लांब पडलं तरी चालेल.

(सुपरमार्केटमधे वाईन विकायचा निर्णय आठवतोय का? २७ जानेवारी २०२२ चा, हजार चौरस फुटांच्या वरच्या दुकानांत वेगळा कोपरा वगैरे. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोध झाला, आणि ते प्रकरण तिथंच राहिलं. दारूबद्दलची बाजू समजते मला, पण निदान एसीतली फळी मिळाली असती अशी माझी एक क्षुद्र स्वार्थी हळहळ आहे.)

व्हाईटमधे कुठली, तर शेनिन ब्लाँ, त्याच नावाच्या द्राक्षाची. मूळची फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातली, आज सगळ्यात जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत, आणि नाशकात ती अशी रुळलीय की इथलीच वाटावी. कारण साधं आहे. उष्ण हवेत द्राक्षात साखर भराभर चढते आणि आंबटपणा पळून जातो, मग वाईन जड, सपाट लागते. शेनिन हे असं द्राक्ष आहे की उन्हातसुद्धा आंबटपणा धरून ठेवतं. त्यात नाशिक जवळजवळ ६०० मीटर उंचीवर, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्या गार, त्याचा फायदा. आणि हे आपलं खायचं थॉमसन सीडलेस नाही बरं का, वाईनची द्राक्षं बारकी, जाड सालीची, बियांची असतात, ताटात वाढली तर घरचे नाकं मुरडतील. राजीव सामंत अमेरिकेतून परत येऊन नाशकात उतरले, आईच्या सुलभा नावावरून सुला ही वाईन कंपनी काढली, आणि २००० साली पहिल्या ज्या वाईन बाजारात आणल्या त्या सोव्हिन्यों ब्लाँ (हीपण व्हाईटच) आणि शेनिन ब्लाँच होत्या. त्याच्या आधी नारायणगावला शामराव चौगुल्यांची इंडाज ही वाईन कंपनी होतीच, पुणे-नाशिक रस्त्यावरून जाताना आमच्या पिढीनं पहिला वाईनचा बोर्ड पाहिला तो तिथलाच असणार.

सुलाची शेनिन थोडी गोडसर असते, नाशिकच्याच यॉर्कची मला त्यापेक्षा नेटकी वाटते, अकलूजच्या फ्रातेल्लीची जरा कोरडी (ड्राय), म्हणजे कमी गोड. ग्रोव्हर झांपाचा एक पाय बंगळूरजवळ नंदी हिल्सला आणि एक नाशिक जिल्ह्यात, त्यांच्याही व्हाईट बऱ्या असतात. किमती दर वर्षी आणि गावोगावी हलतात, पण या सगळ्यांच्या साध्या रेंजच्या बाटल्या हजाराच्या आतबाहेर मिळतात. महागडी "रिझर्व्ह" घ्यायच्या आधी साधी आणि नवी घ्या.

तो जो किंचित गोडवा आहे ना, त्याला नाकं मुरडणारे बरेच भेटतात, "खरी वाईन ड्राय असते" म्हणून. त्यांनी आपल्या जेवणाबरोबर पिऊन बघावी. तिखटावर अल्कोहोल गेलं की जळजळ वाढते, रेडमधला तो जीभ खरखरीत करणारा टॅनिन गेला की अजून वाढते, आणि साखर ती जरा शमवते. म्हणजे कोल्हापुरी मटणाबरोबर जाड रेड घेतली की मटणही गेलं आणि वाईनही गेली, दोन्ही नुसतं तोंड भाजतात. उलट अळूवडी घ्या. चिंच-गूळ, बेसन, वर तेलात कुरकुरीत केलेली, आंबट-गोड-तिखट सगळं एका घासात. तिच्याबरोबर कोरडीठाक वाईन नुसती आंबट लागते, कारण पदार्थ वाईनपेक्षा गोड झाला की वाईन पडते. शेनिनचा गोडवा गुळाच्या बरोबरीनं उभा राहतो आणि आंबटपणा तेल कापतो. गोडा मसाला घातलेली भरली वांगी, कोथिंबीर वडी, ओल्या नारळातली कोळंबी, सगळ्याला हीच. सुरमई रव्यात तळून, फक्त हळद-मीठ-तिखट लावून असेल तर मात्र सोव्हिन्यों ब्लाँ काढा, तुकड्यावर लिंबू पिळल्यावर जे होतं तेच ती करते, लिंबू बाजूला ठेवलंत तरी चालतं. पुरणपोळी, श्रीखंड यांच्या वाटेला वाईन घेऊन जाऊ नका, तिथं दूध-तूपच बरं.

आता सगळ्यात मोठा घोळ, तापमान. व्हाईट फ्रीजमधे, रेड रूम टेंपरेचरला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ती रूम कुणाची? युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, १६-१८ अंशांची. आमच्या हॉलमधे एप्रिलमधे संध्याकाळी सात वाजता ३३ असतं. त्या तापमानाला रेड ओतली की ग्लासातून आधी अल्कोहोल नाकात जातं, मग लोक म्हणतात रेड स्ट्राँग असते. अरे गरम आहे ती! रेडसुद्धा अर्धा-पाऊण तास फ्रीजमधे ठेवा, बाहेरून बाटलीला जरा दव आलं की काढा, तीच वाईन दोनशे रुपयांनी महाग लागते. व्हाईट दोन-तीन तास तरी आत पाहिजे. पाहुणे दारात आणि बाटली अजून पिशवीत असं झालं तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ टाकून बाटली मानेपर्यंत बुडवायची, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात उभी केली तर वेळ लागतो, पाणी हवंच, कारण खड्यांच्या मधे नुसती हवा असते. आणि ग्लासात बर्फाचा खडा टाकला म्हणून पोलीस येत नाहीत. मे महिन्यात मी टाकते. फक्त बाटली फ्रीजच्या आत ठेवा, फ्रीजच्या डोक्यावर नको, ती घरातली सगळ्यात गरम जागा आणि नेमकी सगळ्यांच्या घरी वाईन तिथंच उभी असते.

रेडच हवी असा हट्ट असेल तर शिराझ घ्या, आपल्या उन्हाला ती मानवते, सुलाची दिंडोरी रिझर्व्ह हजाराच्या थोडी वर जाते पण पैसे वसूल. दुसरी फ्रातेल्लीची सांजोव्हेजे. इटलीतल्या टस्कनीचं द्राक्ष आणि लागलंय सोलापूर जिल्ह्यात, अकलूजकडे, जिथं आपल्याला आधी साखर कारखाना आठवतो. टोमॅटोच्या पदार्थाबरोबर मस्त जाते, घरी पोरांसाठी पिझ्झा केलात तर तीच उघडा. स्वस्तातल्या कॅबरने या रेडपासून मी लांबच असते, पिकायला जरा कमी पडली की कच्च्या ढोबळी मिरचीचा वास येतो आणि तो मला ग्लासात नको असतो. गोव्याहून येताना सगळे जी पोर्ट आणतात ती स्वस्त आणि गोड, बेबिंकाबरोबर एक छोटा ग्लास ठीक, पण ती जेवणाबरोबर वाढू नका, आणि पोर्तुगालच्या पोर्टशी तिचं नातं लांबचं आहे.

ग्लासचं उगीच टेन्शन घेऊ नका, तुळशीबागेत मिळतो तो साधा दांड्याचा, खाली पोट मोठं आणि तोंड जरा आत वळलेलं एवढं बघा, आणि तिसऱ्या हिश्श्याइतकाच भरा. बाकी वाईन शिकायचीच असेल तर नाशकात गंगापूर-सावरगावच्या बाजूला आठवड्याच्या मधल्या दिवशी जा (शनिवार-रविवारी तिथं अख्खी मुंबई असते), टेस्टिंग रूममधे छोटे छोटे घोट पाच-सहा प्रकारचे देतात, ओळीनं प्यायल्यावर कुठली आपली ते लगेच कळतं. पूर्ण बाटल्या विकत घेऊन घेऊन शिकण्यापेक्षा हे फार स्वस्त. परत येताना गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा.

आमच्याकडे वाईन पिणारी मी एकटी, त्यामुळे उरतेच. त्यासाठी ३७५ मिलीची अर्धी बाटली मिळाली तर तीच घेते, पण प्रत्येक वेळी मिळत नाही. मग मोठी उघडल्या उघडल्या अर्धी वाईन एका छोट्या धुतलेल्या सोड्याच्या बाटलीत काठोकाठ भरायची, झाकण घट्ट, फ्रीजमधे. वाईन बिघडवते ती हवा, बाटलीत हवाच नसली की चार-पाच दिवस आरामात राहते. रेडचंही तेच. स्क्रू कॅपवाल्या बाटलीला लोक हलकं समजतात, मला तर तीच आवडते, कॉर्क तुटायची भानगड नाही आणि परत बंद होते. त्याच्याही पुढे उरली तर मटण मॅरिनेट करताना जाते, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

आणि वर्षातनं एखाददा बजेट मोडायचं असेल तर बुडबुडेवाली घ्या. शाँदों दिंडोरीला बनते, २०१३ पासून मिळते, सुलाचीही ब्रूट (म्हणजे कोरडी) आहे, दोन्हींत बुडबुडे आणणारं दुसऱ्यांदा आंबवणं बाटलीतच होतं, किंमत त्याचीच. उघडताना बूच घट्ट धरायचं आणि बाटली फिरवायची, उलटं नाही, म्हणजे पंख्याचं पातं वाचतं. सगळे ती केकबरोबर पितात, केकनं ती कडू लागते. तळणीबरोबर घ्या, बटाटेवडा किंवा साबुदाणा वडा, गरम, शेंगदाण्याची चटणी थोडी कमी तिखट. उपासाच्या दिवशी मात्र साबुदाणा वड्याबरोबर ताकच, तेवढं आईचं ऐकते मी.