टाचणवहीवरची सही

तिसरीच्या मराठीच्या तासाला एखादी गोष्ट अभिनयाच्या छोट्या कृतींतून शिकवायची असेल, तर मुलांची तयारी करून घ्यायला फारसे कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते टाचणवहीवर, म्हणजे पाठाचे नियोजन लिहायच्या वहीवर, मुख्याध्यापकांची सही मिळवताना.

माझी योजना साधी होती. चिऊ-काऊची गोष्ट सांगून झाल्यावर एका मुलीने चिऊताई म्हणून खुर्चीत बसावे आणि वर्गाने तिची मुलाखत घ्यावी. त्यात वेशभूषा नव्हती आणि पाठांतरही नव्हते. तरीही टाचण परत आले, सोबत सूचना होती की नाटक स्नेहसंमेलनासाठी ठेवावे. हे स्नेहसंमेलनातले नाटक नसून वाचलेल्या गोष्टीवर विचार करायला लावणारी कृती आहे, असे मी समजावून सांगितले, तेव्हा शेजारच्या वर्गाला गोंगाटाचा त्रास होईल अशी हरकत निघाली. गोंगाटावर उपाय सुचवला, तेव्हा मुले शिकली याचा लेखी पुरावा काय, असा प्रश्न आला. मुलांनी नंतर कावळ्याच्या वतीने चिमणीला पत्र लिहायचे, असे मी टाचणात घातले. तरी वही टेबलावरच पडून राहिली आणि गोष्टीचा पाठ मागे टाकून मला पुढचा पाठ सुरू करावा लागला.

अखेर मी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा २० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय काढून पुढे ठेवला. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांत तोंडी काम आहे आणि त्यात भूमिकाभिनय व मुलाखत यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिसरी-चौथीला आकारिक मूल्यमापनाचा भार ६० टक्के आहे. सही लगेच झाली. जो निर्णय शाळेच्या कपाटात इतकी वर्षे होता, तो दाखवल्याशिवाय वर्गात एक खुर्ची मांडता येऊ नये, याचा राग मला आजही येतो. म्हणून सांगते, टाचणात मूल्यमापनाच्या साधनाचे नाव आणि अध्ययन निष्पत्ती, म्हणजे पाठानंतर मुलांना काय यायला हवे ते, आधीच लिहावी.

प्रत्यक्ष तास सुरेख झाला. “जागा होती का गं तुझ्या घरात?” या प्रश्नाला चिऊताईने “होती, पण बाळ लहान होतं” असे उत्तर दिले. एरवी प्रकट वाचनाला उभी न राहणारी एक मुलगी तेव्हा उठली आणि म्हणाली, “मग पाऊस थांबल्यावर तू काऊला घर बांधून दिलंस का?” त्या प्रश्नानंतर, कावळा वाईट म्हणूनच त्याचे घर वाहून गेले असे ठामपणे सांगणारी मुलेही गोष्ट पुन्हा वाचू लागली. मला या मुलांचा फार अभिमान वाटला.

गोंगाटावरचा उपाय सांगायचा राहिला. शेजारी चाचणी चालू असेल, तर स्थिरचित्र घ्यावे : गटाने गोष्टीतला एक क्षण निश्चल उभे राहून दाखवायचा आणि खांद्यावर हात ठेवल्यावर त्या पात्राने मनातले एकच वाक्य हळू आवाजात बोलायचे. मुले बुजत असतील, तर पहिल्यांदा खुर्चीत शिक्षकाने बसावे. शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरण्याची ही रीत ब्रिटनच्या नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांनी रुजवली आणि ती आपल्या वर्गातही उत्तम चालते. नोंदवहीत मात्र ‘सहभाग चांगला’ असे न लिहिता मुलाने विचारलेला प्रश्न त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत उतरवावा. पुढच्या टाचणाच्या वेळी लेखी पुरावा म्हणून मी तोच दाखवला.